सुकती : एका बोर्ड गेमच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

वहिनीनं खोकं पाठवलं. चिठ्ठी नाही, फोन नाही. झाकणावर तिच्या अक्षरात फक्त ‘तुमचं’. वहिनी मला अगं-तुगं करते, म्हणजे हे आदरार्थी नाही, अनेकवचनच आहे.

आतलं सामान लिहून ठेवते. पुठ्ठ्याचे षटकोन १९ (एक पाण्यानं फुगलेला). लाकडी होड्या २, एकीचं शीड मोडलेलं. शर्टाची बटणं ३४, हे आमचे शिंपले. भरतीचे पत्ते ६. ‘होडी’ आणि ‘पाय’ हे दोन पत्ते दोघांसाठी. दादाची वही, निम्मी कोरी.

या नोंदवहीत माझी आधीची नोंद मागच्या एप्रिलची आहे: ‘दादा म्हणतो खोक्यातले फासे काढून टाक. उद्या बघू.’ मे महिन्यात तो गेला. फासे त्यानं आधीच काढून टाकले होते, हे आज खोकं उघडल्यावर कळलं.

खोकं कपाटावर ठेवलं.

१९ जानेवारी

खाली काढलं आणि पट मांडला. मधे एक षटकोन, भोवती सहा, त्याच्या भोवती बारा. हात कुठे अडले नाहीत.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येक षटकोनावर उंचीचा आकडा आहे, १ ते १२. पाणी शून्यावरून चढायला लागतं. दर चालीला दोघांनी आपापला एक पत्ता पालथा ठेवायचा, होडी किंवा पाय. मग भरतीचा पत्ता उलटायचा. पाय निवडला आणि जागा कोरडी राहिली तर शिंपले उचलायचे. जागा बुडाली तर ओंजळीतले सगळे गेले. होडी निवडली आणि पाणी आलंच नाही तर होडी रुतली, चाल फुकट. दोघं एकाच षटकोनात पायी उतरले तर शिंपले कोणालाच नाहीत, म्हणून समोरचा काय करतोय हे ओळखणं भाग आहे. काठावर आणलेलेच शिंपले मोजायचे. भरती झाली की सुकती, म्हणजे तेच पत्ते पुन्हा पिसायचे आणि पाणी उतरवायचं.

पूर्वी पाणी चढवायला मी दोन फासे घेतले होते. बेरीज ७ येण्याची शक्यता सहात एक, १२ येण्याची छत्तिसात एक. सरासरी बरी होती, पण एखाद्या डावात तिसऱ्या चालीलाच पट बुडायचा आणि एखाद्या डावात पायाचे घोटेही भिजायचे नाहीत. दादानं त्याऐवजी नाविकांचा जुना ठोकताळा घेतला, बारांशाचा नियम. भरती साधारण सहा तास चढते, पण एकसारखी चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. १, २, ३, ३, २, १. बेरीज बारा. हेच आकडे सहा पत्त्यांवर लिहून त्यानं ते पिसले. म्हणजे पाणी एकूण किती चढणार हे ठाऊक, कधी किती हे ठाऊक नाही. पत्ते लागण्याचे वेगवेगळे क्रम ९० होतात, मोजून पाहिले. बारांशाचा नियम खरा धरायचा तर क्रम पिसायचा नसतो. त्याला हे सांगायला हवं होतं.

एकटीनं दोन्ही बाजू खेळून पाहिल्या. उजव्या हातानं काय ठेवलंय हे डाव्या हाताला माहीत. आठ मिनिटांत आवरलं.

२ फेब्रुवारी

बुद्धिबळ एकटीनं खेळता येतं, कारण तिथे सगळं उघड्यावर असतं. लपवाछपवीचा खेळ एकट्यानं होत नाही. यावर रूढ उपाय म्हणजे ऑटोमा: पत्त्यांचा एक छोटा गठ्ठा प्रतिस्पर्ध्याच्या चाली ठरवतो, आपण पत्ता उलटून सांगेल ते करायचं.

मग दादाचाच ऑटोमा का नको? त्याच्या खोडी मला तोंडपाठ आहेत. पाणी सहाच्या वर गेलं की तो होडी सोडत नसे. ओंजळ भरली की दोन चाली उगाच थांबायचा. शेवटच्या चालीला १२ च्या खडकावर चढून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा.

रात्रभर सूचना लिहिल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा घड्याळ बघायचं विसरले. हे लिहितानाही जरा अपराधी वाटतंय.

८ फेब्रुवारी

१८ पत्ते छापले. ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, म्हणजे एका ए-फोर कागदावर बरोबर नऊ, दोन कागदांत काम. कापताना एकाची कड गेली. गठ्ठ्याचं नाव ‘दादा-१’.

१५ फेब्रुवारी

पहिल्या दहा डावांत दादा-१ नं मला सात वेळा हरवलं. फार मजा आली, फोन करून कोणाला तरी सांगावंसं वाटलं. विसाव्या डावापर्यंत मी हरायची बंद झाले. अठरा पत्ते पाठ झाले, की तो काय करणार हे त्याच्याआधी मला कळतं.

खरा दादाही मला पाठच होता. तरी तो जिंकायचा. मग गठ्ठ्यात कमी काय आहे? पत्ते २४ करून पाहिले, २७ करून पाहिले. फरक एवढाच पडला, की पाठ व्हायला आणखी दोन दिवस लागले.

१ मार्च

माणसांवर प्लेटेस्ट, म्हणजे खेळायला देऊन चाचणी. कामावरच्या दोघी आल्या. दोघींनाही बोर्ड गेमची सवय आहे, नियम पटकन उचलले. तीन डाव झाले, एकेक पंचवीस मिनिटांचा. मी बाजूला बसून किती वेळा जांभई येते, किती वेळा फोन उचलला जातो, कुठे कोणी पटावर वाकतं ते टिपत होते. पटावर कोणी वाकलं नाही. पत्ता पालथा, पत्ता पालथा, उलटा, बटणं उचला.

शेवटी एक म्हणाली, “छान आहे.”

चाचणीत यापेक्षा वाईट शब्द नाही. ‘हा नियम मूर्खासारखा आहे’ असं कोणी म्हणालं की काम करायला जागा मिळते. ‘छान आहे’ म्हणजे दार लावून घेतलं.

९ मार्च

खेळावर काही केलं नाही. उरच्या राजेशाही खेळाबद्दल वाचत बसले.

उर हे प्राचीन मेसोपोटेमियातलं शहर. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला १९२०च्या दशकात तिथल्या थडग्यांमध्ये हे पट सापडले. शिंपल्यांचं जडावकाम केलेले, वीस घरांचे, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पट मिळाला, सोंगट्या मिळाल्या, फासेही मिळाले. खेळायचं कसं ते मात्र कोणाला माहीत नाही. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेलनं बाबिलोनची एक मातीची पाटी वाचली. इ.स.पू. १७७ मध्ये इत्ती-मर्दुक-बलातू नावाच्या लेखकानं ती लिहिली होती आणि तिच्यात या खेळाचे नियम होते. पण पाटी पटांपेक्षा दोन हजारांहून जास्त वर्षांनी धाकटी. आज आपण खेळतो तो खेळ या पाटीवरून जुळवलेला आहे. उरमधली माणसं असंच खेळत होती की काय, हे पाटी सांगू शकत नाही.

एवढी शतकं नियम कोणी लिहिले नाहीत, कारण लिहायची गरजच नव्हती. शेजारी बसलेल्याला विचारलं की झालं.

दादाची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. लिहिलेले नियम सतरा. सतराही मी पाळतेय.

१६ मार्च

वहिनी आली. तिनं आमचा खेळ कधी खेळला नाही. आम्ही पट मांडला की ती आतल्या खोलीत शिवण घेऊन बसायची आणि अकरा वाजले की “आता पुरे” म्हणायची. आम्ही तिला बोलावलं नाही आणि ती आली नाही. दोष कोणाचा, यावर मला आत्ता जायचं नाही.

टेबलावर पट तसाच होता. तिनं आधी बटणं पाहिली.

“ही माझ्या डब्यातली. छत्तीस होती.”

मी म्हटलं, चौतीसच आहेत. ती म्हणाली, “छत्तीस. हरवलीत तुम्ही दोन.”

मग तिनं खेळून दाखव म्हटलं. दादा-१ बरोबर एक डाव खेळून दाखवला. ती शेवटपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, “तुम्ही आधी बोलायचात ना?”

“म्हणजे?”

“पत्ता ठेवायच्या आधी. मला आतून दिसत काहीच नव्हतं, ऐकू तेवढं यायचं. तो म्हणायचा ‘पाय’. तू म्हणायचीस ‘खोटं’. मग पत्ता आपटल्याचा आवाज. मग दोघांतलं एक ओरडायचं. दर वेळी. हा तुझा खेळ तर मुकाच आहे.”

मी दादाची वही उघडून तिच्यापुढे धरली, सतरा नियम. यात कुठे लिहिलंय? ती म्हणाली, “लिहिलं नसेल. पण मी वर्षानुवर्षं तेवढंच ऐकलंय.”

खेळाचा जेवढा भाग तिच्यापर्यंत पोचत होता, नेमका तेवढाच आम्ही लिहिला नव्हता.

वहिनीबरोबर एक डाव खेळले, बोलून. ती हरली. दुसऱ्या डावात सहाव्या चालीला ती चेहऱ्यावरची रेष न हलवता ‘होडी’ म्हणाली, पाय ठेवला आणि नऊ बटणं घेऊन गेली. मी ओरडले. अकरा वाजून गेले होते.

१७ मार्च

पहाटे तीनला उठून लिहिलेलं, जसंच्या तसं:

‘नियम १८. पत्ता पालथा ठेवण्याआधी प्रत्येकानं “होडी” किंवा “पाय” म्हणावं. खरं बोलायचं बंधन नाही.’

सकाळी वाचलं तर पुरेसं नाही. फुकटचं बोलणं खेळात टिकत नाही. खोटं बोलण्याची किंमत नसेल तर चार चालींनंतर समोरचा ऐकायचंच सोडतो. दादाच्या आणि माझ्यात किंमत होती, खोटं पकडलं की तो आठवडाभर चिडवायचा. अनोळखी माणसं एकमेकांना आठवडाभर चिडवणार नाहीत. किंमत बटणांत आणावी लागेल.

दादा-१ चे पत्ते मागच्या बाजूनं कोरे आहेत. त्यांवर हिशेब करतेय.

२३ मार्च

पहिला प्रयत्न: समोरच्यानं आपली निवड सांगितली की तुम्ही ‘खोटं’ म्हणू शकता. बरोबर निघालात तर त्याचं एक बटण तुमचं, चुकलात तर तुमची दोन त्याची. एक कमवायला दोन पणाला, म्हणजे समोरचा तीनात दोनपेक्षा जास्त वेळा खोटं बोलतोय अशी खात्री असेल तरच ‘खोटं’ म्हणणं परवडतं. चार डावांत मिळून दोनदा ऐकू आलं. लोक सगळ्या थापा निमूट गिळत होते.

दुसरा प्रयत्न: बरोबर एक, चूक एक. आता निम्म्यापेक्षा किंचित जास्त शंका पुरे. एका डावात अकरा वेळा! टेबलावर आवाज वाढला. डाव पंचवीस मिनिटांचा होता तो पस्तीसवर गेला आणि तक्रार कोणी केली नाही. हेच ठेवते.

६ एप्रिल

आता दुसरं भोक दिसतंय. खरं तर ते पहिल्यापासून आहे.

सहा पत्त्यांपैकी पाच उलटले की सहावा न बघता कळतो. आणि पाच डावांत एकदा शेवटचे दोन पत्ते सारखेच उरतात, तेव्हा पाचवाही कळतो. पाणी किती चढणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक असेल तर शेवटच्या चालीला थाप मारायला जागाच उरत नाही. दादा १२ च्या खडकावर बसून माझ्याकडे का बघायचा, तर याचमुळे. पत्ते तोच मोजायचा.

एक पत्ता न बघता बाजूला काढून ठेवावा, हे मी दोन वर्षांपूर्वी सुचवलं होतं. तो म्हणाला, “समुद्र फसवत नाही. बेरीज बाराच आली पाहिजे.” विषय संपला. तो मोठा, शिवाय नियम तो लिहायचा.

७ एप्रिल

पण बेरीज नेहमी बारा येत नाही की!

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात येते, तेव्हा भांग. पाणी चढतं कमी आणि उतरतंही कमी. समुद्र फसवत नाही हे खरं, पण तो रोज त्याच खुणेपर्यंत येतो असं त्यानं तरी कुठे कबूल केलंय?

बाजूला काढलेल्या पत्त्याला ‘चंद्र’ म्हणते. ३ चा पत्ता चंद्र झाला तर पाणी ९ पर्यंतच चढतं. २ चा असेल तर १०. १ चा असेल तर ११. तिन्ही शक्यता समान. म्हणजे ९ चा खडक दर वेळी बुडतो, १० चा तीनात दोनदा, ११ चा तीनात एकदा. १० आणि ११ वर उभं राहणं आता खरा जुगार आहे आणि तिथेच ‘पाय’ म्हणून सांगण्यात खरी मजा. पाच पत्ते उलटले की चंद्र कोणता ते कळतं, आणि सुकतीत तेच पाच पुन्हा पिसून उतरवायचे. भरतीत अंदाज, सुकतीत हिशेब. एका खेळाचे असे दोन स्वभाव निघतील, हे ठरवून झालं नसतं.

‘वाद मी जिंकले’ असं आधी लिहिलं होतं, खोडलं. समोरचा हजर नसताना जिंकलेला वाद मी जमेत धरत नाही. त्याच्याकडे काहीतरी उत्तर असतंच.

एक काम राहिलं. १२ चा षटकोन आता कधीच बुडत नाही, म्हणून तिथे उभं राहणारा कायमचा सुरक्षित. आकडा बदलून ११ करायला हवा. १२ दादाच्या अक्षरात आहे, त्याच्या २ चं शेपूट लांब असायचं.

११ एप्रिल

नवा षटकोन कापला. ११ लिहिलं. जुना वहीत ठेवला.

२० एप्रिल

वीस डाव पुरे झाले, वेगवेगळ्या आठ माणसांत. आधी बोलणारा १३ वेळा जिंकला. आधी बोलण्यात फायदा आहे असं लगेच म्हणावंसं वाटतं, पण साधं नाणं वीसदा उडवलं तरी १३ किंवा जास्त छापे साधारण शंभरात तेरा वेळा पडतात. यावरून नियम बदलायचा नाही. दर चालीला बोलण्याची पाळी आलटून-पालटून करते, म्हणजे फायदा असलाच तर वाटला जाईल.

बारीकसारीक: सहा पत्ते पिसायला त्रास होतो, हातात फार थोडे येतात. बावन्न पत्त्यांना सात वेळा पिसलं की पुरे, असं बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. सहा पत्ते मात्र टेबलावर पालथे पसरून हातानं कालवावेत, तेच बरं. नियमपुस्तिकेत तसं लिहिलं.

नाव ‘भरती’ होतं. ‘सुकती’ केलं, कारण डाव सुकतीत ठरतो.

४ मे

वर्ष झालं. काम नाही.

१८ मे

ब्लाइंड प्लेटेस्ट. म्हणजे दोन अनोळखी माणसं, बंद खोकं आणि नियमपुस्तिका. मी खोलीत, पण तोंड शिवलेलं. काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. यात फार हाल होतात.

नियम ७ त्यांना कळला नाही. ‘रुतलेली होडी तिथेच राहते’ यातलं ‘तिथेच’ म्हणजे काठावर, असं दोघांनीही धरलं आणि चार चाली होड्या परत नेत राहिले. मी खुर्चीची कड धरून बसले होते. चूक त्यांची नाही. ‘तिथेच’ हा शब्द मी स्वतःला डोळ्यांपुढे धरून लिहिला होता, मला ‘तिथे’ कुठे ते माहीत होतं.

नियम १८ त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचला. पहिल्या तीन चाली दोघंही इमानदारीत खरं बोलले. चौथ्या चालीला पाणी ७ वर आणि दोघं १० च्या खडकाशी. समोर राहिलेले पत्ते ३, १ आणि १. त्यातला एक चंद्र. कोपऱ्यात बसून मीही मोजत होते. डावीकडचा म्हणाला, “पाय.” उजवीकडची त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, “खोटं.”

पायच होता. तिचं एक बटण गेलं, आणि लगेच भरतीचा पत्ता उलटला तो ३ चा; खडक बुडाला, त्याची ओंजळ सगळी गेली. खरं बोलून बुडाला बिचारा. दोघंही ओरडले. शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं.

पुढचं काम: नियम ७ नव्यानं लिहायचा, ‘तिथेच’ काढून. मोडलेलं शीड चिकटवायचं. बटणं ३६ करायची, त्यासाठी दोन वहिनीकडे मागायची.